झोपून घेतलेलं घर

घर विकत घेण्यापूर्वी त्या घरात एकदा झोपून बघणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला, यात माझा काडीचाही दोष नाही. साडू काही कुणी पारखून घेत नाही. तो बायकोबरोबर येतो. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिचे हे यजमान. माझ्या लग्नात सासरे मला मोठ्या हौसेने त्यांची ओळख करून द्यायला घेऊन गेले, तेव्हा हे गृहस्थ कार्यालयाच्या कोठीघरात, तांदळाच्या पोत्याला टेकून, हातात अक्षता तशाच धरून झोपले होते. सासरे आवाज खाली आणून म्हणाले, "उठले की भेटा. रात्रपाळी करून आलेत." ते उठले तेव्हा आमची वरात निघून गेली होती. पुढे बारशाला भेट झाली तेव्हा मी त्या प्रसंगाची आठवण करून दिली, तर ते गंभीरपणे म्हणाले, "ती झोप नव्हती हो. ती डुलकी. झोप वेगळी."

डुलकी आणि झोप यांतला फरक त्यांच्याइतका बारकाईने अभ्यासलेला माणूस मला दुसरा ठाऊक नाही. तुर्भ्याच्या एका रसायनांच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं पाळ्या केल्या. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी, आणि पुन्हा पहिलीपासून. सव्वीस वर्षं असं केल्यावर माणसाच्या शरीराला दिवस कुठला आणि रात्र कुठली याचा पत्ता राहत नाही. त्यात घर वाशीला, घाऊक बाजाराच्या अगदी पाठीला. कांद्याबटाट्याचे ट्रक तिथे रात्रंदिवस मागे-पुढे होत, आणि ट्रक मागे घेताना गाणं वाजायची नवी फॅशन त्याच सुमाराला निघाली होती. एखादं गाणं अर्ध्यावर थांबलं की साडू अंथरुणात डोळे मिटूनच सांगत, "भिंतीला लागला." आणि खाली खरोखर क्लीनर आणि ड्रायव्हर यांची जुंपलेली असे. तरीही ते बसमध्ये झोपत, स्टुलावर झोपत, केस कापून घेताना झोपत, आणि प्रत्येक वेळी जागे झाल्यावर निराशेने मान हलवून म्हणत, "डुलकी."

खरी झोप, त्यांच्या मते, माणसाला फक्त दुपारी आणि फक्त समुद्राकाठी लागते. हा शोध त्यांना कंपनीच्या सहलीत लागला. उरणच्या पलीकडे एक लहानसं बेट आहे. ओहोटीला खडकांच्या एका पट्ट्यावरून चालत जाता येतं, भरतीला होडीने. सहलीतले बाकीचे लोक पाण्यात डुंबत असताना साडू तिथल्या एका नारळाखाली आडवे झाले आणि पाऊण तास झोपले. तो पाऊण तास त्यांना वर्षानुवर्षं पुरला. त्या दिवसापासून निवृत्तीनंतर त्या बेटावर घर घ्यायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. गंमत म्हणजे गृहस्थ मूळचे देशावरचे, ऐन दुष्काळी भागातले. पाण्याची त्यांना जन्मजात धास्ती. घोट्याच्या वर समुद्र चढलेला त्यांनी कधी खपवून घेतला नाही. मी एकदा विचारलं, "पाण्यात उतरायचं नाही तर समुद्राकाठी घर कशाला?" तर म्हणाले, "समुद्र ऐकायचा असतो. त्यात जाऊन काय करायचंय?"

तो काळच तसा होता. नव्वद साल उलटलं आणि जो तो दुसरं घर घ्यायला निघाला. पहिल्या घराचे हप्ते फिटायचे असताना लोक रविवारच्या पेपरातल्या 'फक्त काही प्लॉट शिल्लक' अशा जाहिराती कापून पाकिटात ठेवत. आमच्या सोसायटीतल्या एकाने कर्जतला प्लॉट घेतला, एकाने नेरळला घेतला, आणि तिसऱ्याने घेतला तो कुठे आहे हे त्याला अजून सापडायचं आहे. हे सगळे लोक घर बघायला जाताना वकील नेत, वास्तुशास्त्रवाला नेत, मेव्हण्याला नेत. आमचे साडू एक चटई, एक शेवरीच्या कापसाची उशी आणि मला नेत. मला नेण्याचं कारण प्रेम नव्हतं. द्रोणागिरीच्या रस्त्याला बंदराचे ट्रेलर अंगावरून जात तेव्हा त्या वाऱ्याने स्कूटर हलू नये म्हणून मागे वजन लागे, आणि आमच्या सासरच्या गोतावळ्यात तेवढं वजन फक्त माझं होतं.

निघायची वेळ ते तिथीवरून ठरवत. त्यांच्या खात्यात खाडीकाठच्या गावांतली बरीच मंडळी होती, त्यांनी शिकवलेलं गणित असं: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. षष्ठी असेल तर साडेचार, अष्टमी असेल तर सहा. हे गणित त्यांना इतकं आवडलं, की ते कुठेही आणि कुणाच्याही उपयोगाचं नसताना सांगत. एका ओळखीच्यांच्या तेराव्याला गुरुजींनी संकल्पात तिथी उच्चारल्याबरोबर साडू माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "सव्वापाचला भरती." मी वाशीच्या चौथ्या मजल्यावर मांडी घालून बसलेला, समोर दर्भ आणि तीळ, मला भरतीचं काय करायचं होतं? पण पुढे पुढे मलाही ती सवय लागली. अजूनही कुणी एकादशीचा उपास आहे म्हणालं, की माझ्या मनात पहिल्यांदा सव्वाआठ येतात, साबुदाणा नंतर.

बेटावर पोचल्यावर घरमालकाला ते जे प्रश्न विचारत ते मी दुसऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकाच्या तोंडून ऐकलेले नाहीत. सातबारा कुणाच्या नावावर आहे, विहिरीला मे महिन्यात पाणी असतं का, यातलं काही नाही. कोंबडे किती? त्यातला पहिला कितीला आरवतो? पत्र्यावर नारळ पडतो का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे, आळीत लग्नाचे मुलगे किती? त्या बाजूला हळदीची रात्र म्हणजे बेंजो आणि लाऊडस्पीकर. जितके अविवाहित मुलगे तितक्या पुढच्या काही वर्षांतल्या जाग्या रात्री, असा त्यांचा सरळ हिशेब. पण हा हिशेब समोरच्याला कसा कळणार? एका घरात त्यांनी हा प्रश्न विचारल्याबरोबर मालकांचा चेहरा बदलला. आम्हाला ओटीवरून आत नेलं, सतरंजी बदलली, पोहे आले. थोड्या वेळाने एक दांडगा तरुण इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून समोर येऊन उभा राहिला आणि आमच्या पाया पडला. "धाकला," मालक म्हणाले. "बंदरात क्रेनवर हाय. बिडीकाडीचा नाद नाय." साडूंनी त्याला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि काळजीने विचारलं, "याचं कधी करताय?" मालक म्हणाले, "तुमी म्हनाल तवा. आमी तयार हाव." साडूंना मनापासून आनंद झाला. म्हणाले, "मग यंदाच उरकून टाका. म्हणजे पुढे सगळं शांत." मी पोह्यांच्या बशीत तोंड खुपसून बसलो होतो. गैरसमज निस्तरायला मला पाऊण तास लागला, आणि तरीही निघताना घरच्या माउलीने ताईंसाठी म्हणून एक नारळ आणि खण पिशवीत घातलाच.

एवढे प्रश्न झाले, की मग परीक्षा. "हरकत नसेल तर जरा पडू का?" असं विचारून ते ओटीवर चटई पसरत. बहुतेक लोक गोंधळून हो म्हणत. ते उजव्या कुशीवर वळत, एक हात गालाखाली घेत, आणि मी व मालक एकमेकांकडे बघत बसून राहत. वीस-पंचवीस मिनिटांनी ते उठून निकाल देत. "ही वाऱ्याची झोप आहे, पावसाळ्यात वारा फिरला की जाईल." "इथे उताणं झोपता येतं, कुशीवर नाही." एकदा तर नुसतं "घर रागीट आहे" एवढंच म्हणून चटई गुंडाळली. बेटावर एका बिल्डरने जोडबंगल्यांची स्कीम काढली होती, तिथला टाय लावलेला विक्रेता त्यांना फरशी, नळ, रंग दाखवत होता. साडूंनी नमुन्याच्या बंगल्यात चटई टाकली. विक्रेत्याला वाटलं साहेबांना चक्कर आली. तो धावत लिंबूपाणी घेऊन आला. साडू डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाले, "पलीकडच्या बंगल्यातला नळ बंद करून या हो. माझ्या उशीत गळतोय." भिंत एवढी पोकळ होती. बेटावरची पोरंसोरं त्यांना 'निजणारे साहेब' म्हणू लागली. सहा वर्षांत त्यांनी तिथली सतरा घरं झोपून नापास केली.

हे सगळं ऐकताना हसू येतं, मलाही येत होतं. पण मग कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि साडूंनी अर्ज भरून दिला. आम्हाला वाटलं, आता माणूस ढाराढूर झोपणार. झालं उलटंच. पाळ्या गेल्या तशी डुलकीही गेली. सव्वीस वर्षं मोडून तोडून मिळणारी जी काही झोप होती तीही कारखान्याच्या गेटवर जमा करून आल्यासारखी नाहीशी झाली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी दोन दिवस घेतल्या आणि बंद केल्या. म्हणाले, "ही झोप नाही, ही बेशुद्धी." चार महिन्यांत गालफडं बसली. बोलताना मध्येच वाक्य विसरत. सगळ्यांत वाईट म्हणजे तिथी सांगेनासे झाले. मी मुद्दाम एकदा म्हटलं, "आज पंचमी," तर नुसते "हं" म्हणाले. मला त्या दिवशी खरोखर भीती वाटली.

ताई हिशेबी बाई. सहा वर्षं तिने हा छंद पोटात घातला होता, पण आता ती एका रविवारी आमच्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "या दिवाळीपर्यंत बघते. नाहीतर तो विषय बंद. बेलापूरला टेकडीच्या बाजूला एक फ्लॅट आहे, शांत आहे, तो घेऊन टाकते. त्या बेटाचं वेड डोक्यातून गेलं, की कदाचित लागेल त्यांना झोप." माझी बायको म्हणाली, "भावोजी ऐकतील?" त्यावर ताई म्हणाली, "ऐकण्याएवढं त्राण कुठे राहिलंय त्यांच्यात?" आणि तिने डोळ्याला पदर लावला. ताईला मी तोपर्यंत रडताना पाहिलं नव्हतं.

दिवाळी तोंडावर असताना बेटावरून निरोप आला, की पश्चिमेच्या टोकाला एक म्हातारी घर विकायला काढते आहे. तिचा मुलगा उरणला तिसऱ्या मजल्यावर राहायला गेला होता आणि आईने एकटीने बेटावर राहावं हे त्याला पटत नव्हतं. त्याचंही काही चुकत नव्हतं. त्या दिवशी ताई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आली, अर्थात विषय बंद करायला. स्कूटरवर तिघं मावेनात म्हणून आम्ही रिक्षा केली, आणि साडेअकराच्या सुमाराला खडकांच्या पट्ट्यावरून पलीकडे पोचलो. तिथी नवमी होती. हे मला आठवतं, कारण ती मी सांगितली, साडूंनी नाही.

घर साधं. कौलारू, पुढे ओटी, शेणाने सारवलेलं अंगण, मागे आठ-दहा नारळ आणि त्यांच्या मागे समुद्र. आजी अंगणात झावळ्या घेऊन बसल्या होत्या. झावळीची पात सुरीने सोलून मधला हीर काढायचा, अशा हिरांची जुडी बांधली की खराटा होतो. सुरी फिरली की सर्रकन आवाज येई आणि पात बाजूला पडे. साडूंनी कोंबड्यांचं विचारलं नाही, लग्नाच्या मुलांचं विचारलं नाही. ओटीकडे बघून एवढंच म्हणाले, "आजी, जरा पडलो तर चालेल?"

"पडा की," आजी म्हणाल्या. "त्याला इचारायचा काय? पयला पानी प्या."

ते पाणी प्यायले आणि त्यांनी चटई पसरली. मी घड्याळ बघितलं, साडेबारा. एकला मी पुन्हा बघितलं. ताई त्यांच्या उशाशी बसून पदराने माश्या वारत होती. तिने मला खूण केली. मी जवळ जाऊन पाहिलं, तर साडूंचं तोंड किंचित उघडं होतं आणि छाती एका लयीत वरखाली होत होती. तो चेहरा मी वीस वर्षं पाहत होतो, पण कपाळावरच्या आठ्या गेल्यावर तो कसा दिसतो हे मला माहीत नव्हतं.

दीडच्या सुमाराला पट्ट्यावरून चौघं जण आले. आजींचा मुलगा, मुंबईचा एक रिसॉर्टवाला, त्याचा भाऊ आणि वकील. ते आजच विसार द्यायला आले होते. रिसॉर्टवाल्याने अंगणात पाय ठेवल्याबरोबर मोठ्याने "नमस्कार आजी!" केलं, आणि आजींनी सुरी वर करून त्याला गप्प केलं. "हलू बोला. पावना निजलाय."

"आये, उठव ना त्याला," मुलगा म्हणाला. "या लोकांना परत जायाचा हाय. गारी तिकडं रेतीवर उभी हाय."

"निजल्या मानसाला उठवायचा नाय. ह्या घरान ती रीत नाय. तुज्या बापालाबी मी कवा उठवला नाय."

"बरं, नका उठवू," रिसॉर्टवाला कुजबुजत म्हणाला. आता त्याचाही आवाज आपोआप खाली आला होता. "आपण इकडे बोलून घेऊ."

"बोलू कशी? तो पयला आलाय. त्याचा नाय-होय झाल्याबिगर दुसऱ्याशी घराचा बोलना बरा दिसंल का?" असं म्हणून आजींनी पुढची झावळी ओढली.

ही त्यांची रीत होती, तिच्यापुढे वकिलाचंही काही चालेना. चौघं अंगणात ओळीने उभे राहिले. रिसॉर्टवाल्याने खिशातून विटेएवढा मोबाईल काढला, आकाशाकडे धरला आणि परत ठेवला. त्याचा भाऊ शिंकला, तर आजींनी त्याच्याकडे अशी नजर टाकली, की पुढची शिंक त्याने नाक दाबून गिळली. मी मात्र मनात पाऊणपट करत होतो. नवमी, म्हणजे पावणेसातला भरती, म्हणजे साडेबारापासून पाणी चढतंय. गाडी रेतीवर म्हणजे तीनपर्यंत चाकांना लागणार. हे त्यांना सांगावं की नाही, याचा मी प्रामाणिकपणे विचार केला, आणि गप्प बसलो. शेवटी माझ्याकडून नाही, पट्ट्यावरून आलेल्या एका कोळणीकडून त्यांना ते कळलं. "ती निली गारी कोनाची? पानी लागतंय हो!" असं ती कुंपणाबाहेरून म्हणाली, आणि क्षणात अंगण रिकामं झालं. वकील एक बूट हातात घेऊन पळाला. या सगळ्या गडबडीत साडूंनी फक्त कूस बदलली.

ते उठले तेव्हा ऊन उतरलं होतं. सहा वाजायला आले होते. साडेपाच तास. ते चटईवर उठून बसले आणि ताईकडे वळून चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले, "लागली गं."

विषय बंद करायला आलेली ताई आजींकडे वळली आणि म्हणाली, "आजी, हे घर आम्ही घेतलं."

व्यवहाराची बोलणी चार वाक्यांत झाली. दिवाळी बेटावर साजरी झाली, आजी मुलाकडे गेल्या, आणि पुढच्या रविवारी साडू आपल्या हक्काच्या ओटीवर आडवे झाले. झोप लागली नाही. त्याच्या पुढच्या रविवारी लागली नाही. चटईची दिशा बदलली, उशी बदलली, खाट आणली, खाट काढली. चौथ्या रविवारी ते डोळे मिटून तासभर स्वस्थ पडून राहिले आणि उठून म्हणाले, "वा!" पण ताईने त्यांच्या नकळत माझ्याकडे बघून मान हलवली. नंतर मला म्हणाली, "पायाची बोटं हलत होती. माझ्यासाठी सोंग करतात हो." मी जन्मभर या माणसाची थट्टा केली आहे, पण त्या दिवशी होडीत बसताना मला त्याच्याकडे बघवेना. सहा वर्षं शोधून, सगळी पुंजी घालून त्याने एक चूक विकत घेतली होती, आणि ती चूक काय हे त्याला कळत नव्हतं.

परतताना होडी धक्क्याला लागली आणि साडू अचानक म्हणाले, "आजींकडे जाऊन येऊ." उरणच्या त्या तिसऱ्या मजल्यावर आजी गॅलरीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. सून चांगली होती, चहा-फरसाण पुढे ठेवलं. साडूंनी कपाला हात लावला नाही. आजींच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि तो रंग साडूंच्या चांगल्या ओळखीचा होता.

"झोप लागते का आजी?"

"ह्या खोक्यान? खाली गाड्या, वर धपधप. रातभर बसून असतंय." मग त्यांनी विचारलं, "तुमाला लागते ना तिकरं?"

मला वाटलं, बाईला वाईट वाटू नये म्हणून ते हो म्हणतील. पण साडू झोपेच्या बाबतीत कधी खोटं बोललेले नाहीत, ताईपुरता अपवाद सोडून. ते म्हणाले, "नाही लागत. एकदाच लागली, तुम्ही अंगणात होता तेव्हा. मला वाटलं घराची झोप आहे. घराची नव्हती, आजी. माझ्या झोपेची वाट न बघता, आपलं काम करत कुणीतरी जागं होतं बाहेर, म्हणून लागली."

सून दारात थबकली.

"तुम्ही परत चला," साडू म्हणाले.

"राखन कराया? राखनदार म्हनून मी नाय येनार."

"राखण कशाला? घर तुमचंच. मी रविवारचा पाहुणा."

मुलाने आढेवेढे घेतले, पण त्याच्या आईने तोवर खुंटीवरची पिशवी काढलीही होती. आणि खरेदीखतावर सही करून स्वतःच्याच घरात पाहुणा झालेला हा पहिला माणूस आम्ही पाहिला. पुढची काही वर्षं सगळ्यांचीच मजेत गेली. आजी त्यांना चपला कुठे काढायच्या यावरून रागवत, तांदळाची भाकरी आणि सुकट खायला घालत, ताईला कालवण शिकवत. देशावरच्या या माणसाने शेवटी एकदा गुडघ्यापर्यंत समुद्रात जाऊन आजींसाठी वाहून आलेली झावळी ओढून आणली आणि महिनाभर ती गोष्ट सांगितली. दुपारी ते ओटीवर झोपत. तिथ्या पुन्हा सुरू झाल्या. गाल भरून आले, इतके, की स्कूटरला मागे माझं वजन लागेना.

गेल्या माघात एका रविवारी मी आणि माझी बायको पुष्कळ दिवसांनी तिकडे गेलो. दोन वाजले होते, म्हणजे साडूंची ऐन झोपेची वेळ. ते उठेपर्यंत अंगणात बसावं लागणार असं धरूनच आम्ही कुंपणाचं दार ढकललं. तर ओटी रिकामी. साडू अंगणात जमिनीवर बसलेले, मांडीवर झावळी, हातात सुरी. हीर वेडेवाकडे निघत होते, निम्मे तर मोडलेलेच होते. मी "अहो साडू!" म्हणायला तोंड उघडलं, तोच त्यांनी सुरी वर केली.

"हळू," ते म्हणाले. "आजी निजल्यात. बरं नाही त्यांना हल्ली. रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, दुपारी जरा लागतो."

"आणि तुम्ही?" माझ्या बायकोने कुजबुजत विचारलं. "तुम्ही कधी झोपता भावोजी?"

"माझं काय," असं म्हणून त्यांनी पुढची पात सोलायला घेतली. आतल्या अंधाऱ्या खोलीकडे एकदा कान दिला. "मी झोपलोय की भरपूर. आता बाहेर कुणी जागं नको का?"

आम्ही पायरीवर बसलो. ताईने बाहेर येऊन आम्हाला न बोलता चहा दिला, आम्ही तो आवाज न करता प्यायलो. आजी काही उठल्या नाहीत. भरतीची वेळ होत आली तशी आम्ही त्यांना न भेटताच निघालो.